मीठ उरलं होतं

आत्याबाई,

परवा तुमची अविधवा नवमी. दरवर्षीसारखे सगळे जेवायला येतील, गंगापूरहून भावजी आणि जाऊबाई, वन्सं आणि त्यांचे मालक, झालंच तर पोरंबाळं. यंदा पानं उठली की मी कुणाला पांगू देणार नाही. सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवीन, दार लोटून घेईन आणि हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. तुमच्याबद्दल बोलायचं तर आधी तुम्हाला सांगून बोलावं, म्हणून तुमच्या नावानं लिहितेय. तुम्ही माझ्याबद्दल परक्या माणसांपुढं बोललात, तेव्हा मला, तुमच्या सुनेला, आधी सांगितलं नव्हतं.

ही सगळ्यांना एका खोलीत बसवायची पद्धत मी विलायती मालिकांतून घेतली. हे कंपनीतून निवृत्त झाले, वाळूजची पहाटेची बस सुटली आणि दिवसभर घरात माणूस दिसायला लागलं. तेव्हा लेकीनं पुण्याहून येऊन टीव्हीला कायसं जोडून दिलं. वर्षाचे पैसे ती भरते, नाहीतर मी घेऊ दिलं नसतं. भरलेच आहेत तर वाया कशाला घालवा, म्हणून बघायला बसले. आपल्याकडच्या मालिका मला सोसवत नाहीत. एक माणूस दारात आला की त्याचं तोंड तीनदा दाखवतात आणि वर ढग गडगडतात. एक दिवस इंग्लंडातल्या पोलिसांची मालिका लागली. कुणी ओरडेना, कुणी कुणाला मारेना. पाऊस बारीक पडतोय, इन्स्पेक्टरबाई घरी मुलाचा डबा भरून मग प्रेत बघायला जाते, आणि ज्या बाईचा नवरा मेलाय तिला आधी चहा करून देते. मग हळूच विचारते, त्या दिवशी दुपारी तुम्ही कुठं होतात? मला ते फार आवडलं. खाली इंग्रजी अक्षरं येतात. मॅट्रिकचं इंग्रजी जेवढं उरलंय तेवढ्यावर मी थांबवत थांबवत वाचते. एक तासाचा भाग मला दोन तास पुरतो, म्हणजे तेवढ्याच पैशात दुप्पट.

आता आमच्या पुंडलिकनगरच्या भजनी मंडळात आरती झाली की बाया मलाच विचारतात, काकू, आता कोणतं बघू? मी माणूस बघून सांगते. जिला झोप लागत नाही तिला समुद्राकाठच्या गावाची, तिच्यात एका भागात एकच मरतो. जिला सून नवी आली तिला बेटावरची, म्हणजे दोघी मिळून बघतील आणि संशय टीव्हीतल्या माणसावर घेतील. एकादशीला चालणाऱ्या वेगळ्या काढून ठेवल्यात, ज्यात प्रेतावर आधीपासून चादर असते. पेटीवाल्या मावशी लई चौकस. "त्यात मटन-बिटन शिजवत्यात का गं?" "खून चालतो मावशी, आणि मटन नाय चालत?" "खून काय खायचा हाये का?" मग दुसरं विचारणं, मुके घेत्यात का. मी सांगते, तिसऱ्या भागात एकदा, खिडकीशी गेले दोघं की तुम्ही चहा ठेवायला उठायचं. मावशी आल्या आठवड्यात म्हणाल्या, मी उठलेच नाय, गुडघे दुखत व्हते. आठ-दहा घरांत आज माझ्या सांगण्यावरून बाया संध्याकाळचा दिवा लावून चोर शोधायला बसतात. माझा शब्द आता चालतो, आत्याबाई. एवढं तुम्हाला कळावं म्हणून हे इतकं सांगितलं.

चैत्रात एक भाग बघत होते. उत्तरेकडच्या एका गावात एक म्हातारा घड्याळजी घरात मरून पडलेला. भाचा म्हणतो, परवापर्यंत मामा ठणठणीत होता, रोज माझ्यादेखत चहा प्यायचा. सगळं गाव सांगतं की म्हातारा चहात चार चमचे साखर घ्यायचा, महिन्याचं सामान पहिल्या तारखेला आणायचा. इन्स्पेक्टरबाई स्वयंपाकघराचं कपाट उघडते, तर महिना संपत आलेला आणि साखरेचा डबा काठोकाठ भरलेला. नुसती डब्याकडं बघत उभी राहते. मी तिथंच थांबवलं. हे म्हणाले, काय गं, शब्द अडला का? मी म्हटलं, मीठ उरलं होतं. हे म्हणाले, कुठं? मी उठून ओट्याशी गेले आणि नळाला धरून उभी राहिले.

ऐका आता. माझ्या लग्नाचं तिसरं वर्ष. गंगापूरच्या घरी दरसाल शंभर कैऱ्यांचं लोणचं पडायचं. कैऱ्या पुसायच्या मी, फोडायच्या मामंजींनी, मोहरी-मेथी वन्संनी निवडायची, आणि मीठ घालायचं तुम्ही. मिठाला दुसऱ्याचा हात तुम्ही लागू देत नव्हतात. माप म्हणून नाही, ओंजळीनं. दरवर्षी शेवटच्या बरणीला मीठ कमी पडायचं आणि तुम्ही मला डोक्यावरचा पदर सावरत दुकानात पळवायच्या. त्या वर्षी पळवलं नाही. त्या वर्षी बरण्यांना दादरा बांधून झाला आणि तुम्ही पाटीभर खडेमीठ माझ्यापुढं सरकवलंत. "हे हौदाच्या कडंला टाक, शेवाळ लई झालंय." मी नेऊन टाकलं. चांगलं पाटीभर मीठ शेवाळावर टाकताना माझा जीव वरखाली होत होता, म्हणून तर ते इतकं लक्षात राहिलं. पण विचारलं नाही. पुरावा मी माझ्या हातानं हौदाकाठी पसरला.

श्रावणात वन्संना बघायला वैजापूरकडची मंडळी आली. तुम्ही मोठ्या कौतुकानं नवी बरणी फोडायला सांगितलीत. मी पानं वाढतेय. मुलाचे वडील लोणच्याची फोड तोंडात घालतात, थांबतात, आणि सगळ्यांदेखत ती पानाच्या कडेला काढून ठेवतात. फोड मेणासारखी मऊ. आत जाऊन बघितलं तर बरणीच्या तोंडाशी पांढरी साय धरलेली, उग्र वास. तुम्ही बाहेर गेलात. मला वाटलं, बरणी ओली राहिली, दमट हवेनं झालं, काहीतरी सांगाल. तुम्ही दारात उभं राहून, सहा परके पुरुष पानावर बसलेले असताना म्हणालात, "माझ्या हातचं आजवर नासलं नाय. ह्या आमच्या सुनंला कावळा शिवल्याला असताना हिनं बरणीला हात लावला. काय करायचं, माहेरी वळण नाय." पाहुण्यांनी मान हलवली. मुलीची आई साफ सुटली, मुलगी पसंत झाली. मी वाढपाचं भांडं हातात धरून तशीच उभी. मामंजी खाली बघत होते. हे कामावर होते. कुणी मला विचारलं नाही, त्या दिवशी तू कुठं होतीस.

पुढं तुम्ही काय काय केलंत ते परवा एकेक वाचीन. अकरा वर्षं महालक्ष्म्यांच्या पुरणाला मला हात लावू दिला नाहीत. दोघी उभ्या राहायच्या, जाऊबाई पुरण वाटायच्या, वन्सं माहेरपणाला येऊन फुलोरा करायच्या, आणि मी मागच्या अंगणात खरकटी घासत नैवेद्याची घंटा ऐकायची. मी, जी सातव्या वर्षापासून देवापुढं दिवा लावल्याशिवाय पाणी प्यायली नाही. ओटी भरायला बोलवायच्या तर शेवटी. आणि बायकांत हसून सांगायच्या, हिच्या हाताला लोणचं टिकत नाय. मलाही ते खरं वाटायला लागलं. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं झाली, मी कोथिंबिरीच्या देठांची चटणी करणारी बाई, पण लोणचं विकत आणते. प्रत्येक पुडी फोडताना तुमचा आवाज येतो.

मीठ का उरलं, ते शोधायला मला दोन दिवस लागले. वन्संना फोन केला. त्यांनाही मीच मालिका लावून दिल्यात, त्या माझ्याही पुढं गेल्या, खुनी पहिल्या अर्ध्या तासात सांगतात. मी म्हटलं, वन्सं, तुम्हाला बघायला आले त्या वर्षी उन्हाळ्यात मामंजींना शेतात चक्कर आली होती ना? "व्हय की वैनी. रक्तदाब निघाला. डॉक्टरनं मीठ बंद सांगितलं. आणि अण्णा कशाचे ऐकतात, लोणच्याबिगर त्यांना घास उतरायचा नाय." मग? "मग काय, आईनं हळूहळू सगळ्यातलंच मीठ कमी केलं. वरणात, भाजीत. अण्णांना कळू न देता. मी एकदा म्हणले आई, आळणी झालंय, तर लाटणं उगारलं माझ्यावर." हुशार बाई. पुढचं स्वतःच जोडून म्हणाल्या, "वैनी, लोणच्यातलं पण?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर म्हणाल्या, "आता आई कुठाय. राहू द्या ना." फोन ठेवला त्यांनी.

म्हणजे मामंजींच्या काळजीपोटी तुम्ही मीठ कमी घातलंत. ते मी मानते. नवऱ्यासाठी केलंत, त्यात पाप नाही. पण लोणचं नासल्यावर तुम्हाला कळलं होतं की कशानं नासलं. त्या क्षणी तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि मला पुढं ढकललंत. ह्या मालिकांत पहिला खून रागानं नाहीतर चुकीनं होतो, दुसरा पहिला झाकायला. पहिल्याची मला कधीकधी कीव येते. दुसऱ्याची येत नाही.

आणखी एक कोडं सुटलं. दहाव्याला कायगावच्या घाटावर तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. पुरुषमाणसं घरी येऊन सांगत होती. भावजी म्हणाले अण्णांना सांभाळतो, कावळा हलला नाही. वन्संच्या मालकांनी सांगितलं तुमच्या लेकीला काही कमी पडू देणार नाही, कावळा झाडावरून बघतोय. हे म्हणाले नातीचं लग्न थाटात करीन. ऊन डोक्यावर आलं, शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. सगळे हळहळले, कशात जीव अडकला असेल. मीही हळहळले, भोळी. आता मला पक्कं ठाऊक आहे कशात अडकला होता. मला घाटावर न्यायला हवं होतं. मी 'माफ केलं' एवढं एक वाक्य बोलले असते तर तुमचा जीव सुटला असता. आणि आज, सगळं कळल्यावर, तुम्हाला सांगते, मी ते बोलले नसते. ज्या कावळ्याचं नाव घेऊन तुम्ही मला भर पंगतीत उघडं पाडलंत, तो तुमच्यासाठी आला नाही, गवताचा करावा लागला. हे वाक्य परवा मी दोनदा वाचणार आहे.

यांना वाटतं मी हे करू नये. काल म्हणाले, "चाळीस वर्षांचं लोणचं, कुणाला आठवतंय?" मी म्हटलं, ज्याला आठवत नाही त्यानं माझ्याइतकी खरकटी घासली नाहीत. "अगं, पण तू तेव्हाच का नाही बोललीस? तिथल्या तिथं म्हणायचं ना, मी हात लावला नाही म्हणून." असं म्हणून ते चपला घालून मारुतीला गेले, आणि मी वही घेऊन इथं बसले.

उत्तर लिहून टाकते. परवा भावजीही हेच विचारतील, मग तयारी असलेली बरी. त्या ज्येष्ठात वटपौर्णिमा होती. मला पहाटेच कळलं होतं. नेमकी त्याच दिवशी. सांगितलं असतं तर वडाला जाता आलं नसतं, आणि मला जायचंच होतं, यांना त्या आठवड्यात कंपनीत लागलं होतं, हाताला टाके होते. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. वडाला सूत गुंडाळलं, सात फेऱ्या घातल्या, ओटी भरली. दुपारी तुम्ही लग्नघरी गेलेल्या. लोणच्याच्या फळीला मुंग्या लागल्या, तशी मी बरणी दोन्ही हातांनी उचलून कोनाड्यात ठेवली. रात्री सांगितलं की कावळा आत्ताच शिवला. तुम्ही तो दिवस बघितलाच नव्हता. तुम्ही पंगतीत जे बोललात ते निव्वळ मनचं बोललात, आणि मी मात्र समजले की तुम्हाला सगळं दिसलंय, आणि देवाला पण. म्हणून तोंड उघडलं नाही. म्हणून अकरा वर्षं खरकटी मुकाट्यानं घासली.

हे असलं पत्र आता कसं वाचायचं? हे शेवटचं पान फाडून काढलं तर बाकीचं वाचता येईल, हे माझ्या मनात आलं. पानाला हातही लावला होता मी, आत्याबाई.