भट्टीत गेलेली विभूती

विष्णुपुरी, नांदेड

अव्वा,

शिवलीलाचा शरणार्थ. अप्पांचा गुडघा कसा हाय? मी वेळेवर जेवते, काळजी करू नको.

डोकं मात्र लई तापलंय. सूक्ष्म शेवाळाची भुकटी हवा न लागू देता भट्टीत तापवली की तेल निघतं, हे तुला सांगितलं होतं. निघतं, पण काळं, दाट आणि घाण वासाचं. मेसमध्ये माझ्याशेजारी कुणी बसत न्हाई. ते सुधारावं म्हणून शेवाळात दुसरी एक भुकटी मिसळतात, तिला उत्प्रेरक म्हणतात. वर्षभर नाना तऱ्हेच्या मिसळून बघितल्या. काडीचा फरक न्हाई.

आणि परवा माझ्यासोबत काम करणाऱ्या जयानं, वजनकाट्याजवळ ठेवलेली, तू दिलेली विभूतीची पुडी उत्प्रेरक समजून मिसळली! तेल पातळ आलं, वासही कमी. सर खूश. "काय बदललंस?" म्हणून सारखं विचारून राहिले. काय सांगू त्यांना? निलंग्यात माझी अव्वा गोवऱ्या जाळते म्हणून?

हसू नको. त्यात देवाचं काही न्हाई, राखेतला चुना असंल. पण एकदा जमलेलं इथं कुणी धरत न्हाई, परत जमावं लागतं. म्हणून तशीच विभूती करून पाठव. गोवऱ्या आपल्याच गाईच्या घे, चाळणी तीच घे.

आणि जाळताना तू जे पुटपुटतेस ना, तेही सोडू नको. मला काहीच बदलायचं न्हाई.

तुझी वैतागलेली,
शिवलीला