इटलीला गेलेलं अथेन्स

बाबा, काल, शनिवारी, कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात मी आपलं अथेन्सचं भाषण केलं. तुम्ही असता तर पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला असता आणि घरी जाताना गाडीत माझ्या चुका सांगितल्या असत्या. मी आता उभी राहिले की लोक मोबाइल खाली ठेवतात. कौन्सिलच्या सभेत तर अध्यक्ष घड्याळ आधीच माझ्याकडे वळवून ठेवतात. हे सगळं मी साउथहॅम्प्टनच्या आपल्या किचनमध्ये शिकले. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी शनिवारी जे झालं ते सांगायला मला दुसरं कुणी सुचत नाही.

तुम्हाला हॉस्पिटलची ऑन-कॉल ड्यूटी नसली की रविवारी जेवणानंतर वाद व्हायचा. विषय तुम्ही आठवडाभर आधी द्यायचा, बाजू चिठ्ठ्या टाकून ठरायची, निकाल आईचा. हरेल त्यानं भांडी घासायची, जिंकेल त्यानं पुसायची. आणि एकच नियम: आधी समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडायची, मगच आपली. एकदा तो नियम सोडून मी थेट गर्जायला लागले, तेव्हा तुम्ही हातातला लसूण खाली ठेवलात. "आरडाओरडा करून पेशंट झोपत नसतो," म्हणालात. तुम्ही भूल देणारे डॉक्टर, त्यामुळे आई हसली. मला मात्र ते इतकं लागलं की आजही माइकसमोर आवाज चढला की तो लसणाचा वास येतो.

त्या रविवारी मी सोळा वर्षांची आहे. तुम्ही दिलेला विषय पुन्हा मांडता. पर्शियन सैन्य आलंय, अथेन्सची माणसं बायकामुलांसह जहाजांवर चढलीत, मागे शहर जळतंय. त्यांचा सेनापती इतर ग्रीकांना बजावतो: इथं आमच्याबरोबर लढणार नसाल तर आम्ही सगळं बिऱ्हाड घेऊन इटलीला जाऊ, तिथं नवं अथेन्स वसवू. ती धमकीच राहिली, ग्रीक लढले आणि जिंकले. "पण समज," तुम्ही म्हणता, "बाकीचे म्हणाले असते, जा! आणि हे खरंच गेले असते. पंधरा वर्षं झाली. तिथं ऑलिव्ह लावलेत, देवळं बांधलीत, मुलं तिथल्या हेलात बोलतात. आणि एक दिवस निरोप येतो, शत्रू गेला, घर मोकळं आहे. आता परत जायचं का?" चिठ्ठ्या न टाकता तुम्ही तुमची बाजू निवडता: परत जायचं. असं तुम्ही कधीच करत नव्हता.

मी नियमाप्रमाणे आधी तुमची बाजू मांडते. देव तिथले, पूर्वजांची थडगी तिथली, समुद्राचा रंगही तिथलाच. मग माझी. "शहर म्हणजे दगड नव्हेत, माणसं. आणि इथं जन्मलेल्या मुलीला परत कुठं जायचं असतं? तुमचं परत जाणं म्हणजे तिला हाकलून देणं आहे!" टेबलावर मूठ आपटून मी हे म्हणते. आई म्हणते, "पोरीनं मारलं मैदान. अहो, उठा, भांडी वाट बघतायत." तुम्ही बाह्या सरसावता आणि म्हणता, "मान्य."

तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं. नागपूरच्या एका हॉस्पिटलनं तुम्हाला बोलावलं होतं, आजीही तिथं एकटीच होती, आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तुम्ही नाही म्हणून कळवलंत. "ते म्हणाले, हरलो तर हरलो, नियम म्हणजे नियम." मी आईवर चिडले. म्हटलं, "मला काय माहीत! मी ग्रीकांबद्दल बोलत होते!" असा कुठला माणूस घराचा निर्णय सोळा वर्षांच्या मुलीच्या भाषणावर सोडतो? त्या वादानंतर दोन वर्षांनी आजी गेली तेव्हा तुम्ही अजून विमानातच होता, हे मात्र मला आईनं सांगावं लागलं नाही.

शनिवारी भाषणानंतर एक मुलगी भेटायला आली. पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. "मॅम, थँक यू. कंपनी पुण्याला बदली देतेय, सोमवारी सांगायचंय. बाबा तिकडे एकटेच आहेत, म्हणून आमचं रोज भांडण. पण तुमचं ऐकून डिसाइड झालं, इथंच राहायचं." मग तिनं सहज विचारलं, "तुमच्या बाबांना कधी परत जावंसं वाटलं नाही?" मी म्हणाले, "छे! ते इथं खूश होते." माझा आवाज जराही हलला नाही.

आज रविवार आहे. त्या वादाचं जुनं कार्ड समोर घेऊन बसलेय. तुमच्या बाजूचे मुद्दे मी त्यावर लिहिले होते. शेवटचा मुद्दा मी त्या दिवशी वाचलाच नाही: जे जहाजावर चढू शकले नाहीत, ते म्हातारे डोंगरावर लाकडाची भिंत घालून मागे राहिले. त्यातलं कुणी वाचलं असेल, तर ते अजून वाट बघत असेल. लायब्ररीतून मी तो मुद्दा मुद्दाम शोधून आणला होता. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच होता, म्हणून मी कार्ड उलटं ठेवलं.

त्या मुलीला आता फोन करते. आधी तिच्या वडिलांची बाजू सांगेन, त्यांच्याहून चांगली जमेल तशी. मग तिचं तिनं ठरवावं. हे पत्र कार्डाबरोबर ड्रॉवरमध्ये राहील.

आईला मी खोटं सांगितलं, बाबा. दर रविवारी नागपूरहून आजी तुम्हाला फोनवर विचारायची, "बाबू, कधी येऊन राहिला तू?" तिला कमी ऐकू यायचं म्हणून ती ओरडून बोलायची, आणि मला जिन्यावर बसून सगळं ऐकू यायचं. तुम्ही ग्रीकांबद्दल बोलत नव्हता, हे मला पहिल्या वाक्यापासून माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी जिंकूनही मी भांडी पुसायला आले नाही.