साबण लावूनही लाल न झालेलं झबलं

बिबवेवाडी, ता. १४ एप्रिल २०२५

झबल्याला साबण लावला आणि ते लाल झालं नाही. याचं काय ते आधी सांग. आशीर्वाद खाली आहेत.

चि. ऋतुजा हिस आजीचे अ. उ. आ.

वि. वि. फोनवर तू नुसतं हो हो करून ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. चौथीत शाळा सुटली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नको.

वरच्या मजल्यावरच्या सुरुचीला बाळ झालं तेव्हा तू रंगवून विकतेस त्यातली चार पिवळी झबली मीच नेऊन दिली. आता बाळाच्या मानेवर पुरळ आलंय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्याचं आहे. असेल. पण सुरुचीने मला विचारलं, की रंगात भलतंसलतं काही नाही ना. मी छातीठोक सांगितलं, माझ्या नातीच्या वाघोलीच्या शेडमध्ये हळद, हिरडा आणि तुरटी सोडून काही शिजत नाही. ती निर्धास्त होऊन गेली.

मग मीच एक झबलं धुवायला मागून आणलं. हळदीवर साबणाची वडी घासली की डाग लाल होतो, हे नव्या सुनेलाही पहिल्या आठवड्यात कळतं. तुझं झबलं साबण पिऊन पिवळंच राहिलं. चार दिवस उन्हात टाकलं, तरी तसंच. एवढी इमानदार हळद मी जन्मात पाहिली नाही.

झबल्याला लटकवलेल्या चिठ्ठीवर फोटो माझा आहे. उत्तर धाड.

बायडाबाई

वाघोली, ता. १९ एप्रिल

ती. आजीस ऋतुजाचा सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून हसू आलं. तुरटी जास्त पडली की रंग पक्का बसतो, त्यातलंच असेल. त्या खेपेला झेंडूही होता बहुतेक. दादा पुढच्या शनिवारी हिंजवडीहून येतोय, त्याच्याबरोबर तुझ्या गुडघ्याचं तेल पाठवते. उन्हात गच्चीवर चढू नकोस.

सुरुचीताईंना नवी झबली देते, जुनी तेवढी परत घे. त्यांना काही बोलू नकोस, उगाच घाबरतील. माया असू दे.

तुझी ऋतुजा

बिबवेवाडी, ता. २३ एप्रिल

तेलाने गुडघा गप्प बसेल, मी नाही.

चि. ऋतुजास आशीर्वाद. जुनी परत घे म्हणतेस, म्हणजे ती परत घेण्याच्याच लायकीची आहेत. चिठ्ठीवर झेंडू कुठे लिहिलाय? आणि घाबरायचं काही नसेल, तर ती घाबरेल कशाला? खरं लिही. दोन ओळी पुरतील.

बायडाबाई

वाघोली, ता. २८ एप्रिल

ती. आजीस सा. न.

हळदीऐवजी रंगाची पावडर घातली, आज्जी. हळदीचे कपडे दुकानाच्या काचेत आठ दिवसांत फिके पडले आणि सगळा माल माघारी आला. दादा म्हणाला, बाजारच्या चमचाभर पावडरीने कोण मरतंय. पुडीवर नाव नव्हतं, मीही विचारलं नाही. एकाच घाण्यात घातली. त्यातून साठ झबली निघाली, बारा इथे आहेत, बाकीची घरोघर गेली.

हे बाहेर पडलं तर शेड बंद होईल. बाबा जागा विकायला टपलेलेच आहेत. आणि आज्जी, तू तरी? माझ्या चिठ्ठीसाठी तुझा फोटो काढला तेव्हा तू ढवळत होतीस त्या पातेल्यात नुसतं पाणी होतं. तुला ठाऊक होतं. तू पदर सारखा करून हसलीस.

ऋतुजा

बिबवेवाडी, ता. २ मे

चि. ऋतुजास आशीर्वाद.

पाण्याचं बरोबर आहे. वर्मी लागलं.

आज सकाळी वर गेले. सुरुचीला सांगितलं, की फोटोत मी पाणी ढवळत होते, आणि जे शिजताना पाहिलं नाही त्याची हमी भरली. ती झबली बाळाला घालू नको म्हणाले. का, ते तुझ्या तोंडून यायला हवं, म्हणून सांगितलं नाही. तिने ऐकून घेतलं, आत गेली, चारही झबली घडी घालून आणून माझ्या मांडीवर ठेवली. चहा विचारला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पुरळ उतरलं का, ते मला विचारवलं नाही.

हळद उडते. तिचा धर्मच तो. तसं चिठ्ठीवर लिहायचं होतंस, ज्याला हवं त्याने घेतलं असतं. जागेचं मी तुझ्या बापाशी बोलेन, पण आधी त्या बाकीच्या घरांना कळव. माझा फोटो काढून टाक.

माझी माया साबणाने जात नाही, ती काळजी करू नकोस. पण या पत्राचं उत्तर मला नको. सुरुचीला लिही. दादाने सांगितलेलं नको, तुझं तू लिही, आणि वर येऊन तिच्या हातात दे.

बायडाबाई