बाबांना पाठवलेले पक्षी

८ सप्टेंबर १९८९, टोकरखाडा

पुन्हा हुकला! पपईवर इवलासा पिवळा पक्षी बसलेला. खिडकीतून कॅमेरा वर केला, खटका दाबला — फोटोत येणार नुसतं पान. वाल्मिक हसत सुटला. "अवं, पाखरू काय फोटो काढाले बसस का?" माझी फजिती झाली की नवऱ्याला हमखास खानदेशी सुचते. छत्तीस फोटोंचा रोल, बहुतेक सगळा वाया!

२१ सप्टेंबर

वापीहून रोल धुऊन आला. नऊ बरे निघाले. तीन चिपळूणला बाबांना पाठवले, मागे लिहिलं — 'हा कोण?'

वाल्मिकशी लग्न केलं तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. तीन वर्षं! पण पक्ष्याचं नाव विचारलं की उत्तर येतं. आईच्या मागच्या पत्राखाली एक ओळ होती — 'हे म्हणाले, शिंजीर.' तेवढी ओळ मी शाळेत मधल्या सुट्टीतही काढून वाचते. वेडीच आहे.

१५ ऑक्टोबर

पत्र नाही.

२ नोव्हेंबर

आज दयाळ आला! कुंपणावर, शेपटी उभारून, पाच हातांवर. श्वास रोखून फोटो घेतला. याचं नाव मला ठाऊक आहे — पाचवीत असताना बाबांनीच दाखवला होता, माझा पहिला पक्षी. तरी 'हा कोण?' असंच लिहिणार. चिडून का होईना, स्वतःच्या अक्षरात लिहितील — 'विसरलीस?' एवढंच हवंय मला.

२८ नोव्हेंबर

'हे म्हणाले, धोबी.'

धोबी! तोही काळा-पांढरा, पण शेपटी हलवत पाण्याकाठी फिरणारा वेगळाच पक्षी! इतका स्वच्छ फोटो! बाबा दयाळ ओळखायला चुकणार नाहीत. म्हणजे फोटो बघितलाच नाही, तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळे झाले. खूप रडले. मग आईला खरमरीत लिहिलं — बाबांना बघायचंच नसेल तर यापुढे एकही फोटो येणार नाही. वाल्मिक म्हणाला, "आज राहू दे, उद्या टाक." ऐकलं नाही. टाकून आले.

९ डिसेंबर

आईचं पत्र. 'ह्यांना शिमग्यापासून दिसत नाही गं. तुला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली होती. फोटो आला की हातात धरून बसतात, विचारतात — रंग कुठला, चोच कशी, शेपटी केवढी? मी सांगते त्यावरून नाव सांगतात. काळा-पांढरा, एवढंच म्हटलं मी. मला मेलीला काय कळतंय पक्ष्यांतलं! तूच ये आणि सांग त्यांना.'