झटका कोणी दिला

देवळी, ८ ऑगस्ट १९८७

चि. मधूस अ. उ. आशीर्वाद.

गेल्या वर्षी तू अमेरिकेत माझ्या पोटात बसवून घेतलेल्या हृदयाच्या यंत्राने महिन्याभरात तीनदा झटका दिला. आतून कोणी घण घालावा तसा. हृदय भलतेच बिघडले तरच ते झटका देईल असे तिथले डॉक्टर म्हणाले होते. मी तर शुद्धीत, ओसरीवर पेपर वाचत होतो. तिन्ही वेळा माणिक मागच्या खोलीत विहिरीवरच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करत होता. तुझा धाकटा भाऊ असला तरी लिहितो, तो तारांतून काहीतरी करतो. शेत तुझ्या नावे होईल अशी त्याला धास्ती आहे. दुप्पट जेवूनही माझा सदरा ढगळ झाला, हात थरथरतात. सुनेच्या रांधण्यातही काहीतरी आहे. काल दोघांना मुलांसह बाहेर काढले. ते वडनेरला शरयूच्या माहेरी गेले. तुझी आई माझ्याशी बोलत नाही.

तुझ्याखेरीज विश्वासाचे कोणी उरले नाही, एवढे ध्यानात ठेव.

तुझा बाबा, वासुदेव

बाल्टिमोर, २६ ऑगस्ट १९८७

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र इथल्या डॉक्टरांना सांगितले. माणिकचा भाग गाळला, लाज वाटली. ते म्हणाले, यंत्राला फक्त नाडीचा वेग कळतो. साध्या कारणाने ती फार धावली तरी ते फसते. तुम्ही ठोक्यांसाठी घेता त्या गोळ्यांत आयोडीन असते. त्याने गळ्यातली थायरॉईड ग्रंथी चेकाळू शकते. मग वजन उतरते, हात थरथरतात, नाडी पळते, माणूस चिडका आणि संशयी होतो. हे बरे होणारे आहे. सोबतची चिठ्ठी घेऊन सेवाग्रामच्या इस्पितळात रक्त तपासून घ्या. गोळ्या मनाने बंद करू नका.

शेत मला नको, हे माणिकला मी कधीच कळवले आहे.

रागावलात तरी चालेल, पण जा.

आपला, मधू

देवळी, ६ डिसेंबर १९८७

चि. मधूले आईचे आशीर्वाद.

तुही चिठ्ठी आली तं तुह्या बाबानं तुह्यावरच संशय घेतला. म्हणे, माणिकनं मधूलेई फितवलं. मंग चौथा झटका बसला. तवा घरात आम्ही दोघंच, अन् गावातली लाईनई गेलती. तार कोणाची म्हणावं? दुसऱ्या दिवशी मुकाट सेवाग्रामले चालले.

डाक्टरनं रक्त तपासलं, तू लिहिलं तेच निघालं. भरती केलं, जुनी गोळी बदलली, थायरॉईडची देली. हळूहळू अंग भरलं, हात थांबले, यंत्र गप झालं. डोक्यातला संशयई उतरला. 

गेल्या सोमवारी एकटेच यष्टीनं वडनेरले गेले. शरयूनं कार्ड टाकलं म्हणून कळलं. तुह्या बाबानं दारातच सांगतलं, मी बिमार होतो. माणिक म्हणाला, बिमारी मले समजते, पण पोराईसमोर तुमी मले खुनी म्हटलं. हे घरी चल म्हणाले, तं तो म्हणाला, पोराईची शाळा इथं लागली, आता येनं होत नाई. मंग याईनंच विचारलं का, मी इथं चार दिवस राह्यलो तं चालन का.

अजून वापस आले नाई. मी उद्या त्याईचे कपडे घेऊन जाईन.

बाबावर अन् माणिकवर, दोघाईवरई जीव राहू दे, बाबू.

तुही आई, देवका