बागेतल्या खोलीचा उंबरा

कार्तिक वद्य द्वितीया, शके १८५७. मलकापूर.

आज उंद्रीहून मलकापुरात येऊन पोचले. बैलगाडीने हाडं खिळखिळी केली होती, पण नातवाचं घर पाहिलं आणि सगळी आपापल्या जागी बसली. नातू म्हणजे भालचंद्र. तहसिलीत कारकून आहे, चालतो मात्र तहसीलदारासारखा. त्याची बायको चारुलता, आठवा महिना. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच, आणि म्हणून मी.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, चारू लिहिते. परत गेल्यावर उंद्रीच्या सुनेला वाचून दाखवायचं आहे, म्हातारी तिकडे नुसती पाय पसरून बसली नव्हती म्हणून. चारूची एक खोड आजच कळली. लिहिताना प्रत्येक शब्द ओठांत पुटपुटते, पाटीवर अक्षरं गिरवणाऱ्या पोरीसारखी. आणि मी 'मले' म्हणते तिथे ही 'मला' लिहिते. मी म्हटलं, "बाई, माझ्या तोंडाले पुण्याचं लुगडं काऊन नेसवून राह्यली?" हसली. हसली तेही लिहिलं असेल.

घरामागे बाग आहे. डाळिंबं, पपया, कढीलिंब, विहीर. बागेच्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे भाल्याला एक खोली बांधायची आहे. एकाच खोलीत बाळंतीण, पाहुणा, माझं शिवण आणि त्याची बुकं. त्याने कागदावर नकाशा काढून दाखवला. मला नुसत्या रेघा दिसल्या. उद्या मी माझा नकाशा काढते.

कार्तिक वद्य चतुर्थी.

राखेची टोपली घेऊन जमिनीवरच खोली आखली. बाळंतिणीची खाट किती जागा खाईल ते पाहायला स्वतः मातीत आडवी झाले. शेजारणी कुंपणावरून बघत होत्या. त्यांना वाटलं, म्हातारी गेली.

माझा नकाशा असा. दार घराकडे तोंड करून, म्हणजे पोर रडलं की चुलीपाशी ऐकू यावं. दाराला गोणपाटाचा जाड पडदा, थंडीचे दिवस आहेत. खिडकी उंचावर, वारा बाळंतिणीच्या डोक्यावरून जावा. कोपऱ्यात मोरी. मधल्या आढ्याला कडी: पोर असेल तेव्हा पाळणा, नसेल तेव्हा बियाण्याची गाठोडी. आणि मधोमध बांबूची तट्टी. खाली सोडली की एका बाजूला पाहुणा, दुसऱ्या बाजूला घरची बाई. वर टांगली की सगळी मोकळी खोली. भाल्याच्या बुकांना भिंतीत कोनाडे दिले. त्याला वाचताना बागेची झुळूक हवी होती. मी म्हटलं, झुळकीसाठी डोकं खिडकीबाहेर काढ. चारू हसता हसता कण्हली, मग लिहिणं थांबवलं.

मार्गशीर्ष शुद्ध तृतीया.

भिंती उभ्या झाल्या. पुंजाजी सुतार दारं करतो आहे. हाताने चांगला, तोंडाने सैल. उंबऱ्याला आणलेलं नवं लाकूड ओलं निघालं. मग त्याने जळगाव जामोदहून, पाडलेल्या एका घराचा जुना सागवानी उंबरा आणला. चिखलाने पार माखलेला. भाल्याने नाक मुरडलं. मी अंगठ्याने ठोकून पाहिलं, दगडासारखा वाजला. पुंजाजी म्हणाला, एक बाजू खडबडीत आहे, एक गुळगुळीत. मी म्हटलं, यात विचारायचं काय, गुळगुळीत बाजू वर कर, बाळंतिणीच्या पायाला काही टोचता कामा नये. बसवला. हळदकुंकू वाहिलं. पुंजाजीने नारळ फोडून अर्धा तिथेच खाल्ला.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी.

खोली तयार झाली. वर कवेलूंचं छप्पर, खाली शेणाचा हात. स्वतःच्या कामाला चांगलं म्हणू नये, म्हणून चारूला म्हणायला लावलं. ती म्हणाली, आजी, अशी खोली नागपुरात साहेबाच्या बंगल्यालाही नसेल. नागपूर तिनेही पाहिलेलं नाही, मीही नाही. दोघींनी मान डोलवली.

दुपारपासून तिथेच बसून पोरासाठी गोधडी शिवायला घेतली. ऊन छान येतं. संध्याकाळी सुई गोधडीतच टोचून ठेवली.

मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी.

आज गोधडी उघडली तर एक ओळ जास्त. माझे टाके ढोबळ, बैलाच्या पावलांसारखे. ही ओळ मुंगीच्या पावलांची. चारूला म्हटलं, चोरून मदत करतेस होय? तिने डोळे मोठे केले. म्हणाली, आजी, मला गुंडीसुद्धा लावता येत नाही. खरं आहे, भाल्याच्या सदऱ्याला मीच लावते. शेजारची झुंबरबाई, जी आमची सुईण व्हायची आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, सुई धरायला मला दिसतं कुठे?

सुईण आहे आणि दिसत नाही म्हणते. टाके राहिले बाजूला, मी तिच्या डोळ्यांचीच काळजी करत बसले.

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी.

भाल्याचा मित्र वैजनाथ आला. जेवून खोलीत आडवा झाला. तट्टी सोडून दिली होती. उठल्यावर चहा पिताना म्हणाला, वहिनींचा आवाज गोड आहे, पलीकडे बसून हळूहळू वाचत होत्या, झोप छान लागली. चारू त्या वेळी माझ्यासमोर शेंगा सोलत होती. भाल्या म्हणाला, तू घोरत होतास, स्वतःचंच ऐकलंस. सगळे हसले. चारू हसली नाही. मी हसले, पण उशिरा.

गोधडी आता अर्ध्याहून पुढे गेली आहे. मी तिला हात लावलेला नाही.

भाल्याला म्हटलं, बाळंतपण माजघरातच करू. तो म्हणाला, आजी, नकाशा तुझा, राख तुझी, मातीत लोळलीस तू, आणि आता माजघर? मग खोलीच ठरली.

पौष शुद्ध प्रतिपदा.

आज भाल्या लिहितो आहे. मी एक वाक्य बोलले की तो 'सबब' घालू का विचारतो. सबब, मुलगा झाला. सकाळी उन्हं वर येताना. झुंबरबाईला दिसत नाही म्हणाली होती, पण हात तिचे डोळ्यांसारखे आहेत. चारू पांढरी पडली आहे. मला पाहून म्हणाली, आजी, नाक तुमचंच आलं, बिचारा.

चूल आणि देवघर माझ्याकडे, तिथे सुयेराचा विटाळ चालत नाही, म्हणून बारशापर्यंत मी उंबऱ्याबाहेर. आत झुंबरबाई जाईल. दारातूनच पोर पाहिलं. त्या मुंगीच्या टाक्यांच्या गोधडीत गुंडाळलेलं होतं. पुरी झालेली होती. कोणी पुरी केली ते विचारलं नाही. चारूला आता काही विचारायचं नाही.

पौष शुद्ध पंचमी.

आज पाचवी. सटवाई येऊन पोराच्या कपाळी त्याचं आयुष्य लिहिते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची असते. भाल्या कागद आणायला बाजारात निघाला होता. मी म्हटलं, या वहीची कोरी पानं काय शेळीने खाल्ली? हीच ठेवू, उघडी, टाक-दौतीसकट. संध्याकाळी झुंबरबाई आत ठेवेल. मग वही सुयेरातली, बारशापर्यंत बाहेर यायची नाही. पण चारू आता उठून बसते. मी पायरीवर बसून बोलेन, ती आत लिहील. भाल्याच्या 'सबब'मधून सुटले.

षष्ठी.

मी पायरीवर बसून बोलून राह्यली. आवाज देल्ला, "चारू, वही हाय ना तुह्याजोळ? लिहाले बस बरं." उत्तर नाही आलं. पन टाक खरडला अन् पुटपुटनं सुरू झालं. थकली असंन, म्हून बोलत नाही. पोरगं चूप हाय. पाचवी नीट झाली. झुंबरबाई म्हने, सकाळी पाह्यलं त कागदावर एक रेघ होती. म्या म्हटलं, मांजराची शेपटी लागली असंन. आपल्या घरी मांजर नाही.

एक मात्र बरं झालं. पोरगी आता मी बोलतो तसंच पुटपुटते. 'मले'ले 'मले'च म्हनते. पुण्याचं लुगडं फेडलं तिनं. काऊन वो पोरी, आता हासत नाही ते?

सप्तमी.

पुंजाजी पाळना घेऊन आला. झुंबरबाईनं आत नेऊन कडीले टांगला. पुंजाजी उंबऱ्याकडं पाहून हासला. म्हने, आजी, गुळगुळीत बाजू वर घेतली ते बरं केलं, खालच्या बाजूले ओळीनं लोखंडी खिळे होते, पायात गेले असते.

म्या म्हटलं, कायचे खिळे?

म्हने, मास्तराचं घर होतं ते. त्याची पयली बायको बाळंतपनात गेली, पोरगंबी गेलं. लिहिनारी-वाचनारी बाई. तिनं घरी वापस येऊ नये म्हून मास्तराच्या मायनं उंबऱ्यावर खिळे ठोकले होते.

खिळे वरतून असले का असल्या बाईले उंबरा ओलांडता येत नाही. हे उंद्रीच्या पोरीसोरीले बी मालूम हाय. आन् आपन तो उंबरा उलटा बसवला. म्याच सांगतलं, उलटा बसव. खिळे मातीत गेले, वाट मोकळी झाली. तिचाच उंबरा. तिचंच दार.

म्या पुंजाजीले जागचं हालू नाही देल्लं. भर उन्हात वरून नवे खिळे ठोकून घेतले, इकडून तिकडं, एका ओळीत. ठोकतानी पोरगं रडलं. मंग एकदम चूप झालं. चारूनं उचललं असंन. आता कोनी आत जाऊ शकत नाही. बिनघोर झाली मी.

अष्टमी.

बिनघोर नाही.

एक गोष्ट मनातून जाऊन नाही राह्यली. गोधडीचे टाके खिळ्याच्या आंधीचे. पाहुन्यानं आयकलं, तेबी आंधीचं. म्हंजे ते बाई आंधीच आत आली होती. मंग म्या खिळे ठोकून कोनाले बाहेर ठेवलं? का आत कोनाले —

चारू. आयकून राह्यली का? नुसतं हो म्हन.

लिहिते. हो म्हनत नाही.

मी आत येऊ का? सुयेर गेलं चुलीत. नाही, भाल्या येऊ दे तहसिलीतून. त्याले सांगतो, चारूले अन् पोराले माजघरात — तो हासंन. हासू दे.

नवमी. सकाळ.

भाल्या हासला. पन माह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् हो म्हने. आज हालवतो दोघाले. झुंबरबाईनं विहिरीजोळच्या न्हानीत पानी तापवलं. चारूचं तेल-पानी झालं का लगेच. तवरक मी पायरीवर बसतो. उठत नाही.

चारू, लिहून राह्यली ना? पुटपुटनं आयकू येते मले. बरं वाटते. पोरगं निजलं ना? आता थोड्या वेळानं माजघरात जाचं. तिथं ऊन नाही येत, पन —

डाळिंबाजोळून कोन येऊन राह्यलं?

ओले केस. झुंबरबाईचा हात धरून —

चारू? तू इकडून कशी? तू त आत —

ती म्हन्ते, आजी, तुमी पायरीवर बसाच्या आंधीच मी न्हानीत गेली होती. म्हन्ते, पोरगं आत निजलं हाय. म्हन्ते, वही? पाचवीपासून म्या वहीले हात नाही लावला, आजी, दिसभर नुसती गुंगी येते, उठून बसवत कोठी होतं —

पुटपुटनं चालूच हाय. माह्या मांगं मांगं. आता बोलली तेबी —

लिहू नको. हे लिहू नको.

चारू, मांगं राह्य. धरा वो तिले, झुंबरबाई. पक्कड आना कोनी. हे खिळे — निघत नाहीत. बोटानं नाही निघत. एक हालला. आतल्या बाई, पाह्य, हालला. तुही वाट मोकळी करतो मी. म्याच बंद केली, म्याच करतो. खोली तुही. गोधडी तुही, लय बारीक टाके हायेत, असे टाके मले जलमात नाही जमले. उंबरा बी घेऊन जाय. पोरगं आमचं हाय. त्याच्या कपाळी काई लिहू नको. काय लिहिलं तू? मले वाचता येत नाही, बाई, मले कोनी शिकवलंच नाही, काय लिहिलं —

येतो मी आत. हा ओलांडला उंबरा. हा सारला पडदा.

पाळना हालून राह्यला. रिकामा.

बाई, एका हातात त तुह्या टाक हाय. दुसऱ्या हातात —