सीटखालचं ग्रीस

आये,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून इथे मनसोक्त चिडून घेतो. समोर असतीस तर दोन वाक्यांत मला गप्प केलं असतंस. शेठच्या वाडीतली ती बॅटरीची गाडी आठवते ना? चौलला असली गाडी तोवर कुणी पाहिली नव्हती. शेठच्या आईचे गुडघे गेले होते. म्हातारीला वाडीतून देवळापर्यंत बसून जाता यावं म्हणून त्यांनी ती परदेशातून मागवली. मी मुंबईच्या गॅरेजात शिकून आलेला, म्हणून गाडी माझ्या ताब्यात दिली. तू आधीपासून तिथे झाडलोटीला होतीसच. माझा पगार ठरला त्या दिवशी तू काकाला ठणकावून सांगितलंस, "माजा पोर आता होरीवर येनार न्हाय." बाबा समुद्रावर गेले ते परत आले नव्हते. ही नोकरी गेली असती तर काकाच्या होडीशिवाय मला दुसरं काम नव्हतं, आणि ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

पण त्या गाडीने माझ्या नाकी नऊ आणले. पॅडल थोडं दाबलं की हळू, आणखी दाबलं की जोरात, इतकी साधी गोष्ट. पहिल्या महिन्यातच ती बिघडली. थोडं दाबलं तर हलायची नाही, अर्धं दाबलं तरी ढिम्म, आणि पूर्ण दाबलं की बिथरलेल्या बैलासारखी उधळायची. एकदा म्हातारी आत बसलेली असतानाच उधळली आणि पोफळीवर जाऊन आदळली. म्हातारीचं कोपर सोलवटलं, नशीब तेवढ्यावरच भागलं. शेठ ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "रविवारी आईच्या शेजारी मी बसणार. पुन्हा असं झालं तर गाडीही नको आणि तूही नको."

मी बॅटऱ्या तपासतोय. पाणी बरोबर, तारा घट्ट. पॅडलची स्प्रिंग काढून परत बसवतोय. सीटखाली तारेची वेटोळी आहेत. गाडी हळू न्यायची तेव्हा वीज त्यांतून फिरून येते आणि तिचा जोर कमी होतो. जोरात न्यायची तेव्हा वेटोळी टाळून ती थेट मोटरला जाते. हळूची वाट तांब्याच्या पट्ट्यांतून जाते, त्या एकमेकींना टेकल्या तरच ती उघडते. वेटोळी शाबूत होती. पट्ट्यांवर मात्र काळं, चिकट काहीतरी, आणि त्यात वाळू. पॉलिशपेपरने घासल्या, रॉकेलने धुतल्या, आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आसाचं ग्रीस उडत असेल म्हणून मध्ये पत्रा ठोकला. वाऱ्याला शिव्या दिल्या, गाडी बनवणाऱ्याला दिल्या, माळी मुद्दाम काही करतो की काय म्हणून त्याच्याशीही भांडलो. घरी ताटावर बसून कुरकुरलो, तर तू बांगड्याचं कालवण वाढता वाढता म्हणालीस, "नीट बघ जरा." नीट बघ! आये, मी दुसरं काय करत होतो?

शनिवारी संध्याकाळी नट खोलायचे पाने गाडीच्या शेडमध्ये विसरलो म्हणून अर्ध्या वाटेतून परत आलो. गाडीची सीट वर केलेली, आणि तू वाकून चिंधीने पट्ट्यांना ग्रीस चोपडतेयस. शेजारी काकाच्या होडीवरचा डबा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. माझं डोकंच फिरलं.

"आये, हे काय चालवलंयस?"

"खार लागंल म्हनून. रोजच लावतंय मी."

"अगं, तांब्याला तांबं टेकलं तरच ती हळू चालते! मध्ये हे भरलंस तर टेकणार कसं?"

"खाऱ्या वाऱ्याला काय कलतंय, तांबा हाय का लोखन? त्यो समद्यांना खातो."

होडीच्या लाकडाला मुशी माशाचं तेल आणि लोखंडाला ग्रीस, हे कोळीवाड्यात पोरांना चालायच्या आधी कळतं. पण ते शेठच्या गाडीत शिरेल हे माझ्या डोक्यात कसं यावं? मी तुझ्यादेखत सगळं रॉकेलने धुऊन काढलं. तू डब्याचं झाकण लावलंस. मग म्हणालीस, "तुज्या बापाच्या होरीच्या सुकानूची खील गंजली व्हती. त्या टायमाला मीनी ग्रीस लावलं न्हवतं." इतक्या वर्षांत हे तू पहिल्यांदा बोललीस, आणि तेही मी असा पेटलेला असताना. मला धड रागावताही येईना आणि धड तुझ्याजवळ बसताही येईना.

रविवारी शेठ आणि म्हातारी जोडीने देवळात गेले, गाडी पाण्यासारखी गेली, नोकरी राहिली. आपण वाटणी केली. पट्ट्या माझ्या, चाकं आणि स्प्रिंगा तुझ्या. झाडू कोपऱ्यात ठेवलास की तू रोज डबा घेऊन गाडीपाशी बसायचीस.

हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, म्हणून सांगून टाकतो. मी रोज सकाळी लवकर जाऊन तुझं ग्रीस पुसून काढायचो. तू हात राखून लावायची नाहीस, त्याला वाळू चिकटायची आणि चाकं अडकायची. चरफडत पुसायचो. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणायचो, आणि संध्याकाळी तुझा तो डबा दिसला की गप्प बसायचो. वर्षानुवर्षं हेच चाललं. मग एका दुपारी तू जेवून आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. तुझं तेरावं उरकून मी वाडीत गेलो, सवयीने चिंधी घेऊन गाडीखाली वाकलो. पुसायला काहीच नव्हतं. तुझा इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता.